राजकन्येची सावत्र आई

कोल्हापूर, २००४

माझी शिवलीला,

तुझे बाबा गेले आणि महिन्याभरात मामा तुला मुरगूडला न्यायला आले. मी दार अडवून उभी ऱ्हायले. "सावत्र आईचा काय हक्क?" मामा म्हणाले. भावकीनं मला दारातनं बाजूला केलं आन् मामा तुला घिऊन गेले.

तू माझ्याजवळ असताना टीव्हीवरल्या कार्टूनमधली तलवारवाली राणी राजकन्येची सावत्र आई हाय, हे कळल्यावर तू विचारलंस, "मग ती एवढी चांगली कशी?" दुसऱ्या दिवशी तू मला पहिल्यांदा अव्वा म्हणालीस, माझ्या कानडीत आई.

काल मामांना फोन केलता. म्हणाले, "पोरगी आता कुठं रुळाय लागलीया. तुमची आठवण निघाली की जेवत न्हाय. पत्रबी धाडू नका."

म्हणून हे धाडत न्हाय. तू पोटभर जेव.

तुझी अव्वा,
नीलम्मा