केरिजच्या नांगरटीतली चांदी

प्रिय मित्र ऑब्री पेटिट यास,

सफोकच्या चिखलातून तुझ्या क्लेमंट गॅरडचा नमस्कार पोचावा (वाकून केला असता, पण हल्ली वाकलो की उठवायला एनिडला हाक मारावी लागते, आणि ती कामात असते). तुझा नवा गुडघा रुळला असेल, डल्सीवहिनींचा खोकला गेला असेल आणि लेकीने तुला जिना चढायची परवानगी दिली असेल, अशी आशा करतो. तिकडे स्कॉटलंडात जमिनीत नुसते दगडच दगड आहेत आणि तुझं धातू शोधायचं यंत्र कपाटामागे पडून आहे, हे वाचून फार वाईट वाटलं. (खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं. तू इथे होतास तेव्हा चांगली नाणी नेहमी तुलाच सापडायची आणि मला डब्यांची झाकणं.) इकडे सगळे खुशाल आहेत. हे पत्र मुख्यतः तुझे आभार मानण्यासाठी आहे. मधे थोडे शब्द वाकडे येतील, ते पोटात घाल, कारण गेल्या दोन महिन्यांत तुझ्यामुळे केरिजचं शेत माझ्या हातून कायमचं जायची वेळ आली होती.

आधी आभार. तू गाव सोडताना मला केरिजच्या मागच्या दाराशी नेलंस आणि "हा गॅरड, हा खड्डे बुजवतो," एवढंच बोलून माझा हात त्याच्या हातात दिलास, ते मी विसरलेलो नाही. अख्ख्या तालुक्यात ज्याने कुणाला बांधावर उभं केलं नाही, त्याच्या जमिनीत यंत्र घेऊन फिरायला मिळणं म्हणजे काय, हे आपल्यासारख्यालाच कळतं. दरवर्षी कापणी उरकली की मी एक बाटली घेऊन जातो, तो बाटली घेतो, हात मिळवतो, "खड्डे बुजव" म्हणतो आणि दार लावतो. झाली वर्षाची परवानगी. ना कागद, ना सही. पूर्वी तो निदान संध्याकाळी फाटकापाशी यायचा, माझ्या तळहातावरची बटणं नि शिशाच्या गोळ्या बघून "हं" म्हणायचा. त्याची बायको मेव्हिस वारल्यापासून तेही बंद झालं होतं. ती होती तेव्हा त्या स्वयंपाकघरात कायम कुणी ना कुणी बसलेलं असायचं, तुला आठवत असेल. आता खिडकीत दिवा दिसायचा आणि दिव्याखाली एकटा म्हातारा.

तर सप्टेंबरात त्याने 'दहा एकर' नांगरलं (आहे ते चौदा एकर, पण त्याच्या आजोबांनी नाव ठेवलं, कोण मोजायला जातो). सकाळभर मी काडतुसांची पितळी बुडं गोळा केली. इतकी की मागच्या शंभर वर्षांत या परगण्यात लोकांनी तितरं मारण्यापलीकडे काही केलंच नसावं. पाठ मोडून आली, डबा खाल्ला, आणि घरी निघताना ओकच्या झाडाखाली यंत्राने असा गोड सूर काढला की मी होतो तिथेच थांबलो. खुरप्याने माती सारली तर चांदीचा जुना पेनी, हाताने ठोकलेला, राजाचं तोंड अगदी चपटं. त्याच्या शेजारी दुसरा. त्याखाली तिसरा, चौथ्याची कड. ऑब्री, मी तिथेच चिखलात बसलो. तीस वर्षं माणूस ज्याची वाट बघतो ते समोर आलं की काय करायचं हे कुणी शिकवत नाही. मी टोपी काढली.

आणि मग तूच शिकवल्याप्रमाणे वागलो. पुढे खणलं नाही, माती परत ओढली, वर पोतं टाकलं आणि जिल्ह्याच्या पुराणवस्तू-नोंदणीकचेरीतल्या रोवेनाबाईंना फोन केला. जुनी चांदी सापडली की कळवायचं, कायदा म्हणजे कायदा. एनिडला सांगितलं, "खजिना सापडला." ती म्हणाली, बूट बाहेर काढ.

खरी धास्ती केरिजची होती. गव्हाची पेरणी तोंडावर आलेली, आणि आपली ती चिकणमाती, एकदा पाऊस लागला की महिनाभर ट्रॅक्टर आत घालता येत नाही. त्यात रोवेनाबाई म्हणाल्या की तपास होईपर्यंत शेताला हात लावायचा नाही. मला वाटलं, म्हातारा आता बंदूक काढणार. त्याने मात्र सगळं ऐकून घेतलं, ओकच्या झाडाकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "किती माणसं येतील?" मी म्हटलं, चार-पाच. तो म्हणाला, येऊ देत.

आले. रोवेनाबाई, त्यांचे तीन खणकरी आणि फोटो काढणारी एक उंच बाई. पट्ट्या बांधल्या, चौकोन आखले, दात घासायच्या ब्रशने माती झाडायला लागले. पहिल्या दिवशी केरिजने त्यांना चहा बाहेर नेऊन दिला. दुसऱ्या दिवशी वारा सुटला म्हणून आत बोलावलं. तिसऱ्या दिवशी म्हाताऱ्याने दाढी केली. त्यानंतर तर गळ्यात टाय आला (अंत्यविधीचा काळा टाय, त्याच्याकडे दुसरा नाही), आणि मेव्हिसच्या पाककृतीने चहाबरोबरचे स्कोन-पाव भाजले, ज्यांनी एका खणकऱ्याचा दात हलवला, पण त्या बिचाऱ्याने दुसराही मागून घेतला. मी मनात म्हटलं, गेला कामातून, खजिन्यापायी जमीनमालकाला मिळणाऱ्या बक्षिसाची स्वप्नं बघतोय. कारण आठवड्याने रोवेनाबाई म्हणाल्या, आम्ही आटोपतं घेतो, तुमची पेरणी खोळंबलीय, तर हाच गृहस्थ म्हणतो कसा, घाई काय आहे, नीट खोल खणा. शेजारचा शेतकरी कुंपणावरून ओरडून सांगत होता की पाऊस येतोय, पेरून घे. याने त्यालाही चहाला बोलावलं. पाऊस आला. गहू हुकला. आता मार्चमध्ये सातू पेरायचे, दुसरं काय.

आता तुझ्याकडे वळतो, जरा टेकून बस. एका दुपारी रोवेनाबाईंनी भिंगाखाली एक नाणं धरलं आणि त्यांचा श्वासच अडकला. कडेला लाल ठिपका. दुसऱ्यालाही. सगळ्यांना! कसलासा प्राचीन लाखेचा रंग असावा, एखाद्या मठाची खूण असावी, असं आतापर्यंत कुठे पाहण्यात नाही, त्या भरभर बोलत होत्या आणि उंच बाई धडाधड फोटो काढत होती. मी कौतुकाने पुढे झालो, हातातलं खुरपं टेबलावर ठेवलं, आणि माझी नजर त्याच्या मुठीवर गेली. खुरपं तुझंच, जाताना मला दिलेलं. मुठीवर डल्सीवहिनींचा लाल ठिपका, हत्यारं एकमेकांत मिसळू नयेत म्हणून त्या नेलपॉलिशने घालायच्या तो. रंग तोच, आकारही तोच. मी खुरपं हळूच उचलून पँटच्या मागच्या खिशात घातलं आणि घरी जाऊन खुर्चीत बसलो ते विनिफ्रेडला फोन करायलाच उठलो.

आपल्या यंत्रवाल्यांच्या क्लबचा चहा सांभाळणारी विनिफ्रेड काही विसरत नाही. ती म्हणाली, हो तर, मेव्हिसच्या आग्रहाखातर केरिजच्या शेतात एकदाच रुग्णालयाच्या मदतीसाठी पुरलेली नाणी शोधायची स्पर्धा ठेवली होती, ते वर्ष ना? (माझं त्याच वर्षी हर्नियाचं ऑपरेशन झालं, म्हणून मी नव्हतो.) ऑब्रीने बाजारातून तसलेच जुने, झिजलेले चांदीचे पेनी स्वस्तात आणले, कुणी घरून आणलेलं नाणं दाखवून बक्षीस लाटू नये म्हणून डल्सीने ठिपके घातले, आणि आदल्या दिवशी शेतभर पेरायला तो एकटा गेला. पण पाऊस आला. मग, विनिफ्रेड म्हणाली, उरलेली मूठ त्याने ओकच्या झाडाखाली एकाच खड्ड्यात ओतली आणि चहाला आला. ऑब्री, ऑब्री! तुला एक छत्री नेता येत नव्हती?

दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. एनिडने विचारलं, तोंड का पाडलंयस, मी सांगितलं, आणि ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मग डोळे पुसून म्हणाली, "उद्याच्या उद्या जाऊन सांग त्याला. दुसऱ्या कुणाकडून कळलं तर तुझं तोंड बघणार नाही तो." ते खरंच होतं. ज्या माणसाने माझ्या शब्दावर आपला गहू घालवला, टाय घातला, त्याला आता सांगायचं की तुझा खजिना म्हणजे ऑब्रीचा आळस. शेत जाणार हे मी धरूनच चाललो होतो. आणि खरं सांगू का, शेताचं तेवढं नाही. पण त्याने तोंडावर दार लावलं असतं तर मला फार लागलं असतं.

गेलो. नेहमीची बाटली नेली, पण ती द्यायचं धाडस होईना, म्हणून बगलेतच धरून उभा राहिलो. मंडळी दिवसाचं खणून निघून गेली होती, टेबलावर पाच रिकामे कप होते आणि तो ते धूत होता. मी एका दमात सगळं सांगून टाकलं, पाऊस, नेलपॉलिश, छत्री, सगळं. त्याने कप पुसला, फळीवर ठेवला, दुसरा घेतला.

"मला ठाऊक आहे," तो म्हणाला.

मला वाटलं, माझ्या कानातच काहीतरी बिघाड झाला.

"त्या दिवशी मी वरच्या बांधावर ट्रॅक्टरवर होतो. पेटिटला मूठ ओततानाही पाहिलं आणि पळतानाही पाहिलं. तू पोतं टाकलंस तेव्हाच समजलो."

मी विचारलं, मग केरिजसाहेब, बोलला का नाहीत, तुमचा गहू गेला ना. त्याने तिसरा कप घेतला.

"गहू दरवर्षी येतो रे, गॅरड. या स्वयंपाकघरात पाच माणसं दोन वर्षांत आली नव्हती."

मी बाटली टेबलावर ठेवली. आम्ही दोघे बसलो आणि बराच वेळ बोललो, म्हणजे मी बोललो आणि तो "हं" म्हणाला. निघताना त्याने हात मिळवला आणि "खड्डे बुजव" म्हणाला. मी गाडीत बसून नाक शिंकरलं, सर्दी नव्हती.

दुसऱ्या दिवशी रोवेनाबाईंनाही खरं सांगितलं. त्या आधी लालबुंद झाल्या, मग हसल्या, कारण तुझ्या खड्ड्याच्या खाली त्यांना खरोखरचा जुना चर लागलाय, त्यात सातशे वर्षांपूर्वीची खापरं आणि हाडाच्या एका सुंदर फणीचा तुकडा मिळाला. तू पाऊस चुकवला नसतास तर तो कुणालाच दिसला नसता. तेव्हा तुझ्या आळसाचे, डल्सीवहिनींच्या ठिपक्यांचे आणि त्या शेताचे मनापासून आभार. लाजेने मेलो असतो, पण सुखरूप आहे, असं समज. वहिनींना सादर नमस्कार, लेकीला आशीर्वाद, नव्या गुडघ्याला जपणे.

तुझा ऋणी,
क्लेमंट गॅरड

ता. क. तुझ्या हातची आणखी काही नाणी त्या शेतात असतील तर कृपा करून मला सांगू नकोस. मला ती खरी वाटू देत.

आणखी एक. रोवेनाबाईंची मंडळी गेल्या आठवड्यात सामान आवरून दुसऱ्या गावी गेली. काल केरिजने मला आत बोलावलं आणि इकडचं तिकडचं काही न बोलता विचारलं की, पेटिट थोडी रोमन नाणी टपालाने पाठवू शकेल का. रोमन कशाला, मी विचारलं. तर याने रोवेनाबाईंकडून आधीच काढून घेतलंय की रोमन सापडलं तर लोक एक आठवडा नाही, अख्खा मोसम राहतात. मी घाबरून म्हटलं, केरिजसाहेब, मुद्दाम पुरून कळवणं हा गुन्हा आहे, तुरुंगात टाकतील. त्याने थोडा विचार केला आणि विचारलं, "तिथे भेटायला येऊ देतात का?"

शेवटचं, आणि हेच सांगायला एवढी लांबण लावली. नाणी पाठवू नकोस. तू ये. डल्सीवहिनींना घेऊन ये, आमच्याकडे नाही, त्याच्याकडेच उतर, वरच्या खोलीत त्याने परवापासून कुणाला न सांगता पलंगावर चादरी घातल्या आहेत. मी त्याला एवढंच बोललोय की ऑब्री जे पाठवेल ते निदान महिनाभर पुरेल. माझा शब्द पाळ.