सोनलचं पोट

पिंप्राळा, जळगाव
१२ फेब्रुवारी २०२५

ती. अक्का,
नमस्कार. धुळ्याला सगळे बरे असाल. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून लिहिते.

सोनल काल जेवली. दोन घास वरणभात.

माझ्या परीक्षेसाठी ती चार दिवस तुमच्याकडे राहिली. परत आल्यापासून टेबलाच्या कडेवर पोट दाबून उभी राहायची, हात लावला की किंचाळायची. दंडावर हिरवा डाग दिसला. तो तिच्याच दातांचा होता, मला कुणाच्या तरी बोटांचा वाटला. सात वर्षांची पोर, बोलत नाही. विचारणार कुणाला?

तुम्ही फोनवर म्हणालात, "पोरनं पोट दगडसारखं शे, डॉक्टरले दखाड." मला वाटलं, अक्का काहीतरी लपवताहेत. मी तुमच्या शेजारच्या सुनंदाबाईंना विचारलं, "अक्कांच्या घरातून मारल्याचा आवाज आला का हो?" ते तुमच्या कानावर गेलं असणारच. घरी प्रेमराज माझ्यावर चिडले, "माझी बहीण आहे ती!" मला तर तेही तुम्हाला सामील वाटले.

शाळेतल्या बाई म्हणाल्या, या मुलांचं असंच असतं. तिसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, तेव्हा दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, एक्स-रे फोटो काढला. "शी किती दिवस झाली नाही?"

"चार-पाच," मी म्हणाले.

ते फोटोकडेच बघत राहिले. "ऑटिझम असलेल्या मुलांना पोटाचे त्रास पुष्कळदा असतात. खाणं मोजकंच, त्यात नव्या जागेच्या संडासाची भीती. दुखतंय हे सांगता येत नाही, मग चावतात, ओरडतात. आपण त्याला स्वभाव म्हणतो."

प्रेमराज औषध आणायला गेले, तेव्हा मी खरं सांगितलं. बारा दिवस.

अक्का, तुमच्याकडे पाठवली तेव्हाच पाच दिवस झाले होते. मला ठाऊक होतं. सांगितलं असतं तर तुम्ही आधी दवाखान्यात न्या म्हणाला असता आणि माझी परीक्षा बुडाली असती. म्हणून गप्प राहिले. आणि मग तुमच्या घरात गुन्हेगार शोधत बसले.

पोट आता मोकळं झालंय. औषध मात्र बरेच महिने चालेल. सुनंदाबाईंना मी फोन करून सगळं सांगितलं. प्रेमराजांना अजून सांगायचा धीर झालेला नाही. हे पत्र तुम्ही त्यांना वाचून दाखवलंत, तरी मी काही म्हणणार नाही.

तुमच्यावर संशय घेतलेली,
दिपमाला