पाच मोजून डबा सोडायचा होता

प्रिय कौसल्या,

पंधरा वर्षांत तुले नावानं हाक मारली नाही. "अवं विमलची माय" यातच संसार झाला. आज लिहून राह्यलो कारण काल शाळेत विमलचं नाटक झालं, अन् त्यातली एक गोष्ट मी सकाळी पोरीले खोटी सांगतली. खरी कोणाले सांगू?

शाळा उघडली तेव्हा गुरुजी दारात आलते. नाटकाची बत्ती अन् भोंगा सांभाळाले कोणी पालक पाहिजे म्हणे. मी तोंड उघडायच्या आत तूच कबूल करून बसली! "आमचे कापसाच्या जिनातलं मशीन चालवतेत, तुमची बत्ती काय मोठी!" कबूल केलं तू, अन् पोळ्याच्या आठवड्यात तापाचं निमित्त होऊन निघून गेली. असं कुठं असते का, बाई?

तेव्हापासून मले काहीच वाटत नाही. रडलो नाही. लोक म्हणतात, माणूस खंबीर आहे. खंबीर कसला! पायाले मुंग्या आल्यावर चिमटा घेतला तरी समजत नाही ना, तसं सारं अंग झालं आहे. जेवतो, जिनात जातो, येतो.

बत्ती शिकलो ती तुझ्या शब्दासाठी. गावात वीज नाही, मग नाटकात अंधार करायचा कसा? गुरुजींची युक्ती अशी, का गॅसबत्तीवर रॉकेलचा रिकामा डबा दोरीनं वरून उतरवायचा. पहिल्या तालमीत डबा उतरवला अन् बत्ती गुदमरून विझली, आतल्या जाळीचा भुगा! मग डब्याले छिद्रं पाडली, जिनातली जुनी कप्पी बांधली. दारव्ह्याच्या भोंगेवाल्यानं बॅटरीवरच्या माइकचं बटन शिकवलं. तू असती तर हसली असती. घरच्या कंदिलाची काच कधी पुसली नाही, अन् तिथं फडकं घेऊन बसत होतो.

नाटकात एक आजारी आई शेवटी मरते. ते काम विमलचं. तू गेल्यावर गुरुजी म्हणाले, दुसऱ्या पोरीले देतो. विमल म्हणे, "नाही, मीच करीन." तुझं हिरव्या काठाचं लुगडं तिनं पेटीतून काढलं.

गुरुजींनी मले दहादा बजावलं, "ती डोळे मिटेल. पाच मोजा अन् डबा सोडा. अंधारात पोरगी उठून आत जाईल. उजेडात मेलेलं माणूस उठलं तर सारी मेहनत पाण्यात!" विमलही म्हणे, "बाबा, चुकू नका बरं." तालमीत मग एकदाही चुकलो नाही.

काल दिवस बुडल्यावर पडदा उघडला. सारं बोरी अरब गाव लोटलं होतं. शेवटी विमल तुझ्या लुगड्यात आडवी झाली, तोंड माझ्याकडं. डोळे मिटले. मी पाच मोजले. दहा मोजले. दोरी मुठीत होती अन् मूठ सुटत नव्हती. पोरगी तशीच मेलेली पडून राह्यली, बिचारी! तिकडून गुरुजी हातवारे करून राह्यलते.

मग डोळे न उघडता ती हळूच म्हणाली, "बाबा, डबा!" माइक बंद करायचाही मी विसरलो होतो. भोंग्यातून साऱ्या गावानं ऐकलं. काय हसले लोक! तेव्हा कुठं डबा सुटला.

सकाळी भाकर वाढता वाढता तिनं विचारलं, "बाबा, डबा काहून नाही सोडला?"

म्हटलं, "दोरी अडकली."

"कप्पीले तर तुम्ही कालच तेल दिलतं," ती म्हणे, अन् ताटात पिठलं वाढलं.

दोरी अडकली नव्हती, कौसल्या. तुझ्यावर आपल्या हातानं अंधार करायची माझी हिंमत झाली नाही.

तळहातावर दोरीचा वळ उठला आहे. आज तो दुखून राह्यला. पोळ्यापासून पहिल्यांदा काही दुखलं.

विमल तुझं लुगडं धुवाले नदीवर गेली आहे. आली का तिले खरं सांगीन. तू दिलेला शब्द मले नीट राखता आला नाही; हा माझा आहे, हा राखीन.

तुझाच,
विमलचा बाबा