धुरकरी मीच

५ जानेवारी. सकाळ.
या वर्षी गावच्या शंकरपटात, बैलायच्या शर्यतीत, आपल्या जोडीचा धुरकरी मीच. फायनल. छकड्यावर उभा राहून वकील अन् पायलट या दोन बैलायले असा पळवतो का पार जळगाव जामोदपर्यंत नाव झालं पाह्यजे. गुडघा एकदम ओके आहे. डॉक्टर म्हणे, वय झालं. डॉक्टरले पटातलं काय समजते! उद्यापासून रोज पहाटे प्रॅक्टिस.

६ जानेवारी.
थंडी होती. उठलो तवा रुपाली जोडी पळवून, धुऊन, सरकीची ढेप चारून मोकळी झालती. चांगलंच आहे. बापाले एवढी मदत पोरीनं केली पाह्यजे. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाले आहे, बसून बसून अंग जड होते. पानठेल्यावर लोकं म्हणे, रामराव, पोट्टीच्या हाताले बैल लय पळून राह्यले हो. मी म्हटलं, ट्रेनिंग कोणाची आहे? सगळे एकमेकाकडं पाहून हासले. पटलं असन.

९ जानेवारी.
जेवताना रुपालीनं विचारलं, बाबा, या साली पटात मी हाकू काय? माह्या बायकोचा, कोकिळाचा, हात पोळपाटावर थांबला. म्हटलं, विचार करतो. केला. नाई. आपण काई जुन्या विचाराचे नाई. पोरीले शिकवून राह्यलो, स्कूटी घेऊन देली. पण संग्रामपूरचं स्थळ येऊन राह्यलं. भर मैदानात छकड्यावर वरडणारी सून कोणाले पाह्यजे? अन् पोरगी पडली, हातपाय मोडला तं? कोकिळा म्हणे, मागच्या साली पडलं कोण होतं? बायकायले जुनं उकरून काढाची भारी हौस.

१३ जानेवारी.
आज खरंच उठलो. जोडी जुपली, छकड्यावर चढलो, आरोळी ठोकली. बैल रवंथ करत उभे. पुन्हा ठोकली. वकीलनं शेण टाकलं. तेवढ्यात बांधावरून रुपाली वरडली, चाला बाप्पाहो! जोडी सुटली ना बाप्पा, गोफणीतल्या गोट्यासारखी. मी जागच्या जागीच राह्यलो, म्हणजे जमिनीवर. निदान: लाडानं बैल बिघडले. आता पोरीनं दाव्याले हात लावाचा नाई, अशी ऑर्डर काढली. संध्याकाळी चारा टाकाचा कंटाळा आला, म्हणून ऑर्डर उद्यापासून लागू.

१६ जानेवारी.
आयडिया! पुतण्या दीपकच्या मोबाईलवर रुपालीची आरोळी रेकॉर्ड करून घेतली. तिले सांगतलं, सहज, आठवण म्हणून. तिनं माह्याकडं पाह्यलं. समजलं असन काय? दीपक म्हणे आवाज बारीक आला, तं पुन्हा वरडून देली, चांगली मोठ्यानं. मले जरा कसंतरीच झालं. गॅस असन. दीपक वरातीतला ब्लूटूथ स्पीकर आणणार. तो माह्या मागं लोकायत उभा राहीन, कोणाले पत्ता नाई लागाचा. आवाज तिचा, कासरा माहा. यालेच मॅनेजमेंट म्हणतात.

२० जानेवारी. पट. संध्याकाळी, कमरेले शेक घेत.
मैदान खचाखच. लाऊडस्पीकरवर नाव आलं, धुरकरी रामराव. डोये भरून आले. झेंडी पडली. मागून दीपकनं बटण दाबलं. आवाज मागून आला, तं बैल बी मागं वळले. हे कोणाच्याच डोक्यात आलं नाई, आता काय करतं! छकडा कलंडला, मी मातीत, जोडी लोकायत. भज्याची कढई उलटता उलटता राह्यली, एक म्हातारी थोडक्यात वाचली. लाऊडस्पीकरवाला म्हणे, जोडी परत आली हो, धुरकरी अजून याचा आहे. सारं मैदान हासलं. रुपालीनं दोरावरून उडी मारली, वेसण धरली, कानात काईतरी सांगतलं. बैल गरीब झाले.

मंग कमिटीवाले म्हणे, पोरीले एक धाव हाकू द्या. नंबरात नाई धरत, पण लोकायले पाहू द्या. ती चढली बी. कासरा हातात. बाया समोर येऊन उभ्या राह्यल्या, टाळ्या सुरू. ती माह्याकडं पाहून राह्यली होती. मी म्हटलं, उतर.

उतरली.

बापाच्या इज्जतीचा प्रश्न होता. कोणीबी हेच केलं असतं. दीपकले मी साफ सांगतलं, चूक त्याची आहे.

२३ जानेवारी.
रुपाली चहा ठेवते अन् जाते. पहाटे बैलाकडं जाते, पण पळवत नाई, नुसती खरारा करत बसते. तब्येत नरम असन. भाकर गोड लागली नाई. म्हटलं, ज्वारी जुनी आहे काय? कोकिळा म्हणे, नवीच आहे, तुमचंच तोंड कडू आहे. पानठेल्यावर जाणं बंद केलं. तंबाखू तब्येतीले खराबच.

२७ जानेवारी.
मोठा निर्णय. जोडी विकली. वरवट बकालच्या पुष्पांजलीबाई, मोठ्या जमीनवाल्या, पटाच्या शौकीन. बैलच नाई, तं झगडाच नाई. रुपालीनं स्वतःच दावे सोडले. वकीलच्या कपाळावर कपाळ टेकवून उभी राह्यली. रडली नाई. म्हणजे तिले बी पटलं. टेम्पो गेला तवा मीच गोठ्यात जाऊन थोडा वेळ बसलो. झाडून घ्याचं होतं.

४ फेब्रुवारी.
हा हा! पुष्पांजलीबाईचा फोन. कोकिळानं घेतला, पण मी दाराआडून ऐकलं. बैल खातात-पितात, पळत नाई. दोन धुरकरी बदलले, दोन्ही नापास. आता त्यायले अनुभवी माणसाची किंमत समजली. बोलवतीनच. एकदम हो म्हणाचं नाई. दोनदा नाई म्हणाचं, मंग मोठ्या मनानं जाचं. गुडघ्याले तेल लावाले सुरुवात केली.

८ फेब्रुवारी. दुपार.
जीप आली. मी इस्त्रीचा शर्ट घालून ओसरीवर. पुष्पांजलीबाई उतरल्या, नमस्कार केला अन् सरळ आत रुपालीकडं गेल्या. सारं अगोदरच ठरलेलं. पूर्ण सीझन त्यायच्या जोडीची धुरकरी रुपाली. राहाणं त्यायच्या घरी, परीक्षेच्या वक्ताले सुट्टी. बॅग भरलेली. कोकिळानं मुरमुऱ्याचे लाडू बांधलेले. हे कवा झालं? संग्रामपूरच्या स्थळाचं काय, मी विचारलं. कोकिळा म्हणे, त्यायले सांगून देलं, पोरगी सध्या कामात आहे.

ठीक. मी मनातल्या मनात परवानगी देऊन टाकली. जमाना बदलला, पोरीबी काई कमी नाई, असं दोन शब्द बोलावं म्हणून घसा खाकरला. पण परवानगी मागाले कोणी थांबलंच नाई. सारे अंगणात गेले. मी बी गेलो, फाटकात उभा राह्यलो. निघताना तं बापाजवळ येईनच.

रुपालीनं जीपमधून हात बाहेर काढला. मी बी हात वर केला. ती म्हणे, बाबा, जरा बाजूले व्हा, गाडी काढाची आहे.

मी बाजूले झालो.