पडद्यावरचा शिवणवर्ग

रविवार, १४ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. तू बरी असशीलच. रागावून बसलेल्या माणसांना काही होत नाही, असं आई म्हणायची. फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र.

बातमी अशी की मला पुरस्कार मिळाला. आपल्या प्रौढ शिक्षण केंद्रातल्या सहकाऱ्यांना ऑनलाइन शिकवायला शिकवलं म्हणून. हसू नकोस. वर्षभर मी केलं काय, तर "आवाज येतोय का?" या प्रश्नाला "येतोय" म्हटलं. हिशेबाचे सर पासवर्ड विसरतात आणि माझ्याकडे असे बघतात, जणू मीच तो लपवून ठेवलाय. गवंडीकामाचे मास्तर मोबाइलसमोर इतके ओरडतात की इंटरनेट नसलं तरी विद्यार्थ्यांना ऐकू जावं. नाकी नऊ आलेत.

समारंभ काल झाला. पाहुणे माझं कौतुक करायला उठले आणि पडदा काळाच. सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला. नवे कपडे सावरत मी टेबलाखाली शिरले, वायर जोडली आणि परत येऊन स्वतःचं कौतुक ऐकत बसले. असा संताप झाला म्हणून सांगू!

मग सहकाऱ्यांनी माझ्या नकळत केलेले व्हिडिओ लागले. कुणाचं नुसतंच कपाळ दिसत होतं. हिशेबाचे सर तर हातवारे करून भरभरून बोलत होते, पण आवाज बंद! लोक पोट धरून हसले. मी मात्र बघत राहिले. ज्यांनी संगणकाला हात लावायला नकार दिला होता, त्यांनी हे मला न विचारता, आपलं आपण केलं होतं. रडूच आलं गं.

तुझा व्हिडिओ नव्हता. मी शेवटपर्यंत वाट बघितली. हे लिहायचं नव्हतं, पण लिहून गेलं.

नंतर प्राचार्यबाईंनी मला बाजूला घेतलं. "ऑनलाइन विभाग आता तुम्हीच सांभाळा. आधी तो शिवणवर्ग बंद करून टाका. पडद्यावर काही जमायचा नाही तो."

"जमेल," मी म्हटलं.

"शिकवणार कोण?"

"शिकवत होत्या त्याच."

"त्या तर भांडून गेल्या ना?"

"भांडून गेल्यात. मेल्या नाहीत."

त्यांनी महिनाअखेरपर्यंत मुदत दिली आहे. हातात कात्री धरून दाखवल्याशिवाय बाही कापता येत नाही, असं म्हणून तू निघून गेलीस. अगं, बरोबरच होतं तुझं! पण मग थांबून सांगायचंस, मोबाइल कुठे लावला म्हणजे हात नीट दिसतील. ते तुझ्याशिवाय कोण सांगणार? तुझी ती हसरी विद्यार्थिनी अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांना सोडून वर्गाला येऊ शकत नाही. घरून शिकायला ती एका पायावर तयार आहे. "बाई कधी येणार?" म्हणून विचारते. मी काय सांगू? की माझी बहीण माझ्याशी बोलत नाही?

भाऊजींना नमस्कार.

चिडलेली आणि तरीही तुझीच,
धाकटी


गुरुवार, १८ मार्च

चि. धाकटीस,

आशीर्वाद. मेल्या नाहीत म्हणे! प्राचार्यांशी असं बोलतात का?

अभिनंदन. ते आधीच करायला हवं होतं.

राग नव्हता गं. त्या दिवशी तू समजावत होतीस, सगळ्यांना जमत होतं आणि मला एकटीलाच येत नव्हतं. तुला चालायला मी शिकवलं. भर वर्गात तुझ्याकडून शिकायचं म्हणजे जिवावर आलं. म्हणून कात्रीचं निमित्त केलं.

मोबाइल समोर नाही, डोक्यावर टांगायचा. शिकणारणीला हात दिसायला हवेत, माझं तोंड नाही. मी स्वयंपाकघरात करून बघितलं. दोनदा पडला, एकदा ह्यांच्या ताटात.

सोमवारी येते. बाकीचे जमायच्या आधी मला एकटीला शिकव. आणि पुन्हा पुन्हा विचारलं, तर लहानपणी मी तुझ्यावर ओरडायची तशी ओरडू नकोस.

तुझी नवी विद्यार्थिनी,
ताई