दसऱ्याला का निघायचं नाही

बाबा, तुम्ही असता तर हे तुम्हाला सांगायची माझी हिंमत झाली नसती. तुम्ही जाऊन वीसेक वर्षं झाली, म्हणून लिहितोय. विषय तसा हौसेचा आहे. आम्ही तिघं मित्र मोटारसायकलवर लांब जायचं म्हणतोय. आधी हिमाचलचे डोंगर, तिथून खाली उतरून राजस्थानचं वाळवंट आणि मग घर. एक आपल्या भंडाऱ्यातलाच डॉक्टर. दुसऱ्याच्या आजोबांकडे हातमाग होते, आता तो रेशमी साड्यांचं दुकान चालवतो, त्याला आम्ही कापडवालाच म्हणतो. तिसरा मी. तिघंही पन्नाशीला टेकलेले, जिना चढताना कठडा धरणारे, आणि गप्पा मात्र पंधरा हजार फुटांच्या खिंडीच्या. इथपर्यंत ऐकून तुम्ही हसला असता. पुढचं ऐकून हसला नसता.

अशा प्रवासात सगळा पेच असतो मोसमाचा. उन्हाळ्यात डोंगर मोकळे होतात, पण वाळवंट भाजून काढतं. पावसाळ्यात डोंगरात दरडी कोसळतात. हिवाळ्यात वाळवंटात सुख असतं, पण वरच्या खिंडी बर्फानं बंद होतात. मधे एक फट उरते. पाऊस सरतो, बर्फ अजून पडायचं असतं, तेव्हा आधी डोंगर उरकायचे आणि खाली येईपर्यंत वाळवंटही निवलेलं असतं. म्हणजे निघायचं ऑक्टोबर लागता लागता. हे सगळं मीच शोधून काढलं. मी पाटबंधारे खात्यात आहे, म्हणून देशातला पाऊस मला विचारूनच येतो-जातो असा या दोघांचा समज आहे, आणि तो मी कधी खोडला नाही. कापडवाल्याच्या दुकानाच्या माडीवर, गाठोड्यांना टेकून, चहा पीत मी त्यांना ही फट समजावून सांगितली तेव्हा डॉक्टरनं मांडीवर थाप मारली. "मंग त झालंच न! यंदा दसरा बरोबर तवाच येऊन राहिला. सकाळी गाड्या धुवू, हार घालू, नारळ फोडू आन् डायरेक्ट निघू. याच्याहून चांगला मुहूर्त कोनता?" कापडवाल्यानं त्याला टाळी दिली. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "नाई बे, दसऱ्याले नको."

"काहून?" दोघांनीही विचारलं. साधा प्रश्न होता, बाबा. उत्तरही साधं होतं. आजोबांनी ज्या दसऱ्याला नागपूरला जाऊन बौद्ध धम्म घेतला, तेव्हापासून आपल्या घरचा दसरा म्हणजे दीक्षाभूमी. तुम्ही एकही वर्ष चुकवलं नाहीत आणि तुमच्यामागे आईनं मला चुकवू दिलं नाही. एवढंच सांगायचं होतं. मी म्हणालो, "तवा तिकडं पाऊस रेंगाळते कधी कधी. दोन-तीन हप्ते पुढं घेऊ, आकाश साफ भेटन." हे खोटं होतं. दोन-तीन आठवड्यांनी त्या खिंडीत बर्फाचा भरवसा नसतो, आणि हे त्या माडीवर फक्त मला ठाऊक होतं. दोघांनी लगेच मान डोलावली. "तुले समजते बाप्पा, तू म्हनशीन तसं," असं डॉक्टर म्हणाला. घरी येताना मला स्वतःची शिसारी आली, पण परत फिरून माडी चढलो नाही.

मी कोण हे त्यांना ठाऊक नाही अशातला भाग नाही. आडनाव ऐकलं की भंडाऱ्यात शेंबड्या पोरालाही कळतं. पण त्यांनी कधी विषय काढला नाही, मी कधी काढला नाही, आणि या न काढण्यालाच मी इतकी वर्षं मैत्री समजत आलो. दसऱ्याच्या संध्याकाळी ते सोनं द्यायला येतात तेव्हा आमच्या घराला कुलूप असतं. दुसऱ्या दिवशी विचारलं की मी सांगतो, पाहुण्यांकडे गेलो होतो. कुठले पाहुणे, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं नाही याचं मला बरंच वाटायचं.

आणि तुम्ही! सिहोऱ्याकडच्या शाळेत तुम्ही मास्तर होता तेव्हाची सकाळ मला अजून दिसते. नागपूरला नेणारा ट्रक यायला वेळ आहे. आई चुलीपुढे बसून भाकरी थापते आहे, मिरचीचा ठेचा फडक्यात बांधते आहे, आणि तुम्ही पांढरा सदरा घालून अंगणात उभे आहात. रस्त्यानं जाणारा दुकानदार हाक मारतो, "काय गा गुरुजी, सनासुदीचं कुठं?" आणि तुम्ही अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं सांगता, "नागपूरले जाऊन राहिलो जी! आमच्या बापानं दीक्षा घेतली तो दिवस हाये!" दुकानदार म्हणतो, "हो का? मंग या जाऊन." झालं, संपलं. आभाळ कोसळलं नाही. एका वर्षी तिथल्या पुस्तकांच्या गर्दीतून तुम्ही माझ्यासाठी भारताचा नकाशा आणलात. तो आईच्या स्वयंपाकघरात लावला, कारण दुसरी सपाट भिंत नव्हती. चुलीच्या धुरानं आधी हिमालय काळा पडला, मग हळूहळू राजस्थान. त्यावर बोट ठेवून तुम्ही मला पिवळं म्हणजे वाळू आणि तपकिरी म्हणजे डोंगर हे शिकवलंत. हा प्रवासाचा किडा मला तिथूनच चावला असावा.

तुमचा एक राग मात्र मी विसरलेलो नाही. तुम्ही सेकंडहँड मोटारसायकल घेतली होती आणि मला शिकवायला मागे बसला होता. गावातल्या पाटलांच्या वाड्याची मोठी ओसरी आली. आपल्या मोहल्ल्यातले म्हातारे त्या ओसरीपुढे सायकलवरून उतरून चालत जायचे. मला कोणी सांगितलं नव्हतं, पण ओसरीवर माणसं दिसली तसं मी इंजिन बंद केलं, उतरलो आणि गाडी ढकलू लागलो. तुम्हालाही उतरावं लागलं. "बंद काहून केली?" "ते बसले हायेत न बाबा." "मंग? त्याइच्या अंगावरून जाऊन राहिला का तू?" तुम्ही आवाज चढवला नाही आणि दबकाही ठेवला नाही. "चालू कर. नमस्कार कर, पन उतरू नको." मी किक मारली. ती तिसऱ्या की चौथ्या वेळी लागली. ओसरीवरचे एक आजोबा म्हणाले, "गुरुजी, पोराले शिकवून राहिले का?" तुम्ही म्हणालात, "हो जी, शिकवून राहिलो." मी कानापर्यंत लाल झालो होतो. तुमचा राग आला होता, चारचौघांत बोललात म्हणून.

आता इथे ओसरी नाही, ओसरीवर कोणी नाही, आणि कापडवाला तर माझ्या पोरीच्या लग्नात दोन दिवस पंगती वाढत होता. त्याच्या माडीवर मला उतरायला कोणी सांगितलं?

आईला मी सांगितलं की आम्ही दसऱ्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी निघतोय. तिला आता डोळ्यांनी नीट दिसत नाही, पण कान शाबूत आहेत. तिनं लगेच विचारलं, "दोस्ताइले सांगतलंस न काहून थांबाचं ते?" मी म्हणालो, "हो, सांगतलं." काय करणार होतो दुसरं? ती इतकी खूश झाली की तिनं शेजारीपाजारी सांगून टाकलं, माझ्या पोराचे दोस्त आपल्या दिवसासाठी थांबले, चांगली मानसं हायेत. एका थापेसाठी दुसरी थाप लागते, हे तुमच्याच शाळेत शिकलो होतो. दुसरी थाप सगळ्या गल्लीत फिरेल हे मात्र शिकलो नव्हतो.

मग परवा कापडवाला घरी आला, गाडीवर सामान बांधायच्या पट्ट्या दाखवायला. आईनं त्याचा आवाज ओळखला, चाचपडत बाहेर आली आणि त्याचा हात धरून म्हणाली, "आमच्या दीक्षेच्या दिवसासाठी तारीख बदलली तुमी. मोठं मन लागते बाबू त्याले." मी तिथेच उभा होतो, हातात त्या पट्ट्या घेऊन. त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं, मला ते त्याच्या तोंडावर दिसलं. आणि तो आईला म्हणाला, "त्यात काय काकू. तुमचा दिवस थो आमचाबी दिवस." आईनं त्याला खीर खाल्ल्याशिवाय सोडलं नाही. त्यानं वाटी पुसून खाल्ली आणि माझ्याकडे न बघता उठला.

फाटकाजवळ गाडीला किल्ली लावून तो थांबला. "अबे, एक दिवस. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी निघालो असतो. डोंगर का पळून चालला होता?" मी म्हणालो, "मले वाटलं..." "काय वाटलं? आमी नाई म्हनू?" मी हातातल्या पट्ट्या गुंडाळू लागलो. "आन् तिकडं बरफात फसलो असतो त? मी रात्रीच वाचलं, त्या टायमाले खिंड कदीबी बंद होते. म्हटलं तुले माहीत असन काही. तुह्यावर भरोसा ठेवून मी घरच्याइले सांगून बसलो." तो चिडला होता, पण त्याहून जास्त दुखावला होता. मला त्याचं चिडणं सोसलं असतं. निघताना म्हणाला, "ग्रुपवर तूच सांग. मी नाई सांगनार."

ते नाही म्हणतील अशी भीती मला कधीच नव्हती, बाबा. हे मला त्याला सांगता आलं नाही. ते हो म्हणतील हे मला माहीत होतं. पण हो म्हणायच्या आधी ते एक क्षण गप्प होतील, सांभाळून शब्द शोधतील, आणि त्या क्षणात मी त्यांचा मित्र नसून आणखी कोणीतरी असेन, एवढ्याचीच मला धास्ती होती. त्यासाठी मी त्या दोघांना बर्फात न्यायला निघालो होतो. आणि तो क्षण आला तेव्हा कापडवाला गप्प झालाच नाही, आईला चटकन उत्तर देऊन मोकळा झाला. म्हणजे मी ज्या क्षणाला भ्यालो तो मीच मनात बसवलेला होता. मला माणूस ओळखता आला नाही, आणि वर मी त्याला हलकं समजलो. लाज वाटते, बाबा. तुमचीही वाटते आणि त्याचीही.

आज दुपारी ऑफिसातून ग्रुपवर लिहिलं. आधी तीनदा लिहून पुसलं. शेवटी गेलं ते असं: 'तारीख माझ्याकडून चुकली. उशीर केला तर बर्फ लागेल. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी निघू. दसऱ्याला आईला दीक्षाभूमीला न्यायचं असतं.' दीक्षाभूमी हा शब्द मी त्या ग्रुपवर पहिल्यांदा लिहिला. पाठवल्यावर फोन पालथा घालून फाइली चाळत बसलो, जणू काही झालंच नाही. कापडवाल्याचं उत्तर आलं, नुसतं 'पक्का'. मग डॉक्टरचं आलं. तो मनानं फार चांगला आहे, बाबा, तेच अवघड आहे. त्यानं लिहिलं, 'अबे हे पयले सांगाचं न! काकूले कायले गर्दीत त्रास? माही कार आन् ड्रायव्हर पाठवतो, आरामात नेऊन आनन. तू दसऱ्याले आपल्यासंग निघ.'

ते उत्तर अजून तसंच पडून आहे. त्याला वाटतं माझी अडचण सुटली, आणि तसं वाटायला मीच जागा ठेवली. आईचं नाव पुढे केलं, कारण म्हाताऱ्या आईला कोणी काही विचारत नाही. हे पत्र मी कुठे पाठवणार नाही, म्हणून इथे लिहून टाकतो. आईला ड्रायव्हरही नेऊ शकतो. दसऱ्याला मला जायचं असतं.