सतरा दारांची हाक

११ फेब्रुवारी १९७४, सोमवार. उंब्रज

बोटीवर चढताना आईने ही वही दिली. म्हणाली, मधू, रोज चार ओळी लिही, नाहीतर कुठे भरकटलास ते तुझं तुलाच कळायचं नाही. तर हे लिहितोय. आयुष्यात पहिल्यांदा एकटा निघालो, तेही नैरोबीहून थेट वडिलांच्या मुलखात. जन्म तिकडचा, मराठी फक्त घरातली. इथलं सगळंच मला परदेश.

सांगलीला विश्रामबागेत वडिलांच्या मित्राकडे दोन दिवस काढले आणि आज साताऱ्याच्या गाडीत बसलो. तिथून पुढे फलटणला चुलत आजोबांकडे जायचं होतं. पण उंब्रजला गाडी थांबली आणि गुऱ्हाळाचा असा वास आला की उतरलोच. काकवी चाटत बसलो, तोवर गाडी गेली. हात धुवायला ज्यांनी पाणी दिलं ते आकाराम, फौजेतले पेन्शनर हवालदार. तुमच्याकडं सिंह दारात येतात म्हणं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आमच्या दारात फक्त रेल्वेची इंजिनं येतात. सगळं गुऱ्हाळ हसलं. आकाराम हसले नाहीत, माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, गाडी गेली न्हवं, मग चला घरी, ऱ्हावा चार दिस.

मजा आहे. ओळख ना पाळख, आणि मी पाहुणा.

१२ फेब्रुवारी

वस्ती नदीकाठी आहे. एका भावकीची सतरा घरं एका ओळीत, शेवटचं आकारामचं. घरात ते, बायको लीलाबाई आणि म्हातारी आई अंबूबाई. म्हातारी लय तिखट (हा शब्द इथलाच, आवडला). माझे मानेवर आलेले केस बघून म्हणाली, ह्यो पाव्हणा हाय का पाव्हणी, आदी ठरवा रं.

मी हो म्हटलं की शेजारणी तोंडाला पदर लावून हसतात. व्हय म्हण, म्हणतात. मला जमत नाही.

पासपोर्ट आणि बोटीचं तिकीट आकारामनी देव्हाऱ्याखालच्या ट्रंकेत ठेवलं, उंदीर कागद कुरतडतात म्हणून. मी दिलं खरं, पण ट्रंकेला कुलूप लावलेलं बघून जरा कसंसं झालं. बोट ९ मार्चची आहे.

१३ फेब्रुवारी

न बोलावता अर्जुना न्हावी आला. मी नको नको म्हणत असताना त्याने फौजी कट मारला. म्हातारी समोर बसून त्याला सांगत होती, कानामागं आनखी बारीक कर.

लीलाबाई विहिरीवर हळूच म्हणाल्या, पाव्हणं, साताऱ्याची गाडी धाला असती. एवढंच बोलल्या, वर बघितलं नाही. मी पासपोर्ट मागायला निघालो होतो, पण वाटेत तालमीत पोरं माती उकरत होती, तिथे थांबलो. परत आलो तेव्हा बारा वाजले होते, दहाची गाडी गेलेली.

जेवताना मीठ मागितलं. म्हातारी म्हणाली, तुला कवापास्नं वरनं मीठ लागाया लागलं?

१४ फेब्रुवारी

आकारामनी आज सांगितलं. धाकटा भाऊ कृष्णात एकाहत्तरच्या लढाईत गेला. डाव्या बरगडीखाली गोळी लागली. देह घरी आला नाही. बिनलग्नाचा गेला, म्हणून त्याचा टाक करून देव्हाऱ्यात बसवायचाय. टाक म्हणजे मेलेल्याच्या नावाचा चांदीचा लहानसा पत्रा, देवांबरोबर पूजेत राहतो. नदीवर धुवायचा आणि घरी आणायचा. त्यांच्या भावकीत तो रक्ताच्या माणसाने आणायचा नाही, ज्याचं इथे कोणी नाही अशाने आणायचा. तुमी देवासारखं आलाव, म्हणाले.

एवढंच होय. मी कबूल झालो. त्याशिवाय पासपोर्ट मागायचा तरी कसा? त्यानंतर सोमवारी जा म्हणाले.

नवा सदरा दिला. नवा नाही, घडीतला. खांद्यात बरोबर बसला.

१६ फेब्रुवारी

टाक आणायला आकारामबरोबर नानासो सोनाराकडे गेलो. त्याने हातात दिला तो घोडा, तलवार आणि माणूस ठोकलेला पत्रा. मी विचारलं, कृष्णात असा दिसायचा का? नानासो हसला. म्हणाला, टाक समदे एकाच साच्यातले असत्यात गड्या, ज्याच्या नावानं घरात घ्याल त्याचा त्यो. मग त्याने माझा सदरा ओळखला. हसायचा थांबला आणि आकारामला एवढंच म्हणाला, ह्याला सांगितलंय न्हवं समदं?

आकाराम व्हय म्हणाले. मला काय सांगितलंय?

१७ फेब्रुवारी, रविवार

सकाळी नदीवर टाक धुतला, माझ्या सदऱ्याच्या ओटीत दिला. वस्तीत शिरलो तर प्रत्येक दारात बाया उभ्या. पहिल्या दारातून हाक आली, कृष्णात, आलास का रं? आकाराम मागून म्हणाले, आलो म्हणायचं. मी हसत म्हटलं, आलो. दुसऱ्या दारात तेच. सहाव्या-सातव्या दारापासून हसू येईना. बाराव्या दारात कोणी सांगायच्या आधीच मी आलो म्हणालो. सतराव्या दारात अंबूबाई होती. तिने हाक मारली नाही. भाकरतुकडा उतरून टाकला आणि विचारलं, लय दिस लावलंस, भूक लागली का? मी म्हणालो, व्हय.

शब्द सहज आला. घशात अडकला नाही.

१८ फेब्रुवारी

आज निघायचं होतं. आकारामना हाक मारली, मी मधू, ट्रंक उघडा. त्यांनी मान वळवली नाही. अंगणात उभा राहून ओरडलो, कोणी बघितलं नाही. मग लीलाबाई आल्या, पाण्याचा तांब्या ठेवला. डोळे भरलेले. म्हणाल्या, भावजी, चूळ भरा.

परवापर्यंत पाव्हणं म्हणायच्या.

१९ फेब्रुवारी

जेवलो नाही. अन्नात काही असेल म्हणून शिवलोच नाही. दुपारी टाकाला नैवेद्य दाखवला आणि माझं पोट भरलं. ढेकर आली. पुरणाची.

साताऱ्याच्या गाडीला गेलो होतो. कंडक्टर म्हणाला, किस्ना, रजा संपली व्हय रं? उतरलो. पासपोर्टाशिवाय कुठे —

बरगडीखाली दुखतंय. डाव्या.

२० फेब्रुवारी

नैरोबीच्या घराचा दरवाजा कुठल्या रंगाचा? आठवत न्हाई —

वर न्हाई लिहिलंय मी. खोडतो. नाही. नाही. नाही.

हाकेला उत्तर दिलं की माझं एकेक जातं. सतरा दारं, सतरा वेळा. आता कळलं. उद्या कोणीही हाक मारली, म्हातारीने मारली, तरी व्हय म्हणायचं नाही. कुलूप फोडायचं, गाडी गाठायची. माझं नाव मधू. माझं नाव मधू. माझं —

२१ फेब्रुवारी

कुलूप तोडलं. आत कुना पाव्हण्याचा पासपोर्ट हाय. फोटूत लांब केसाचा पोरगा, हसतोय. लांबचा दिसतोय. ह्याची आई वाट बघत आसंल. तिला कागद लिवाया पायजे. नैरोबी म्हंजी कुटं —

आई हाक मारतीया.

मागच्या पानावर लिवलंय, व्हय म्हनू नगं. आक्षर माझंच हाय. का लिवलं त्ये कळंना. पन आई परत हाक मारतीया, आन् दोन वरीस तिनं माझी वाट —